‘त्यांना वेगळी फाइल द्या, आमच्या अभ्यासक्रमाला हात लावू नका’ या मताला उत्तर

टॅब_एंटर (धागाकर्ता)

‘स्लाइडकार’ यांनी नुकतेच असे मत मांडले की, ऑनलाइन प्रशिक्षणाचा प्रत्येक अभ्यासक्रम स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) आणि कळफलकाला अनुकूल करण्याचा हट्ट धरला, तर रचनाकाराच्या हाती मजकूर आणि ‘पुढे’चे बटण एवढेच उरेल; त्यापेक्षा ज्या थोड्या लोकांना गरज आहे त्यांना सगळा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये द्यावा आणि बाकीच्यांच्या अभ्यासक्रमाला हात लावू नये. हे मत नवे नाही. परंतु ते ज्या उदारपणाच्या सुरात मांडले गेले, त्यामुळे सविस्तर उत्तर देणे भाग पडले.

मी स्क्रीन रीडर वापरतो आणि माहितीसुरक्षा, आचारसंहिता वगैरे सक्तीची प्रशिक्षणे नोकरीत दरवर्षी पूर्ण करतो, निदान तसा प्रयत्न करतो. पहिली स्लाइड उघडताच निवेदकाचा आवाज आपोआप सुरू होतो आणि त्याच क्षणी माझा स्क्रीन रीडर पानाचे शीर्षक वाचू लागतो. दोघे एकाच वेळी बोलत राहतात आणि मला दोघांपैकी एकाचेही धड ऐकू येत नाही. निवेदन थांबवावे म्हणून टॅब दाबत गेले की ‘बटण’, ‘बटण’, ‘आयत ४७’, ‘बटण’ असे ऐकू येते. त्यांतले विरामाचे बटण कोणते हे दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि दाबून पाहावे तर कधी अभ्यासक्रमाची खिडकीच बंद होते. पुढे प्रश्न येतो: ‘योग्य शब्द उचलून योग्य चौकटीत टाका.’ उचलायचे ते फक्त माउसनेच. मग मी शेजारच्या सहकाऱ्याला बोलावतो, उत्तरे सांगतो, तो माझ्या खात्यात ती भरतो आणि मी माहितीसुरक्षेत उत्तीर्ण होतो. आपले खाते दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हा त्याच अभ्यासक्रमाचा पहिला धडा असतो.

आता त्या वेगळ्या फाइलविषयी. स्कॉर्म या प्रमाणित स्वरूपातले अभ्यासक्रमाचे पॅकेज शिकणाऱ्याची पूर्णता आणि गुण एलएमएसला, म्हणजे प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीला, कळवते; फाइल काहीच कळवत नाही. ती मी दोनदा वाचली तरी महिनाअखेरीस ‘प्रशिक्षण अपूर्ण’ असलेल्यांच्या यादीत माझे नाव येते आणि ते काढून घेण्यासाठी मलाच विनवण्या कराव्या लागतात. शिवाय मूळ अभ्यासक्रमात धोरण बदलले की फाइलही बदलायची असते याची आठवण कोणालाही राहत नाही. तेव्हा ही सोय नेमकी कोणाची आहे, एवढे ‘स्लाइडकार’ यांनी सांगावे.

स्लाइडकार

माझ्या लिहिण्यात उदारपणाचा आव नव्हता. व्यवहार काय आहे तेवढेच मी सांगितले, आणि पर्यायी आवृत्तीची मुभा तुमची बाजू मांडणारे ज्याचा आधार घेतात त्या डब्ल्यूसीएजीमध्येच (अपंग व्यक्तींनाही वेबवरचा मजकूर वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्येच) दिलेली आहे. म्हणजे मी काही नियमबाह्य बोललो असे नाही.

अभ्यासक्रम कसा तयार होतो हेही ऐकून घ्या. संहिता उशिरा येते, प्रकाशनाची तारीख मात्र हलत नाही. विषयतज्ज्ञ शेवटच्या दिवशी अर्ध्या स्लाइड बदलतात. ज्यांच्यासाठी काम करायचे ते मान्यता देताना एकच शेरा मारतात, ‘हे फार सपाट वाटते, काहीतरी इंटरॲक्टिव्ह घाला.’ तेव्हा मी ओढून टाकायचे प्रश्न घालतो, उघडझाप होणारी कार्डे घालतो, कारण त्यावरच माझे काम मंजूर होते. ‘हे कळफलकावर चालते का?’ असे माझ्या सगळ्या कारकिर्दीत मला कोणी विचारलेले नाही. जे मागितलेच जात नाही ते न दिल्याचा दोष एकट्या रचनाकाराच्या माथी मारणे सोपे आहे, एवढेच म्हणतो.

कोडकरी

मुभा आहे, हे खरे. तिच्या अटी मात्र ‘स्लाइडकार’ यांनी सोयीस्करपणे गाळल्या. पर्यायी आवृत्तीत तीच माहिती आणि तीच कार्यक्षमता असली पाहिजे, तिची भाषा तीच असली पाहिजे आणि ती मूळ आवृत्तीइतकीच अद्ययावत असली पाहिजे. ज्या फाइलमध्ये चाचणी देता येत नाही आणि जिच्यातून गुण नोंदवले जात नाहीत, ती या व्याख्येत बसतच नाही.

ओढून टाकण्याच्या प्रश्नाबद्दलही एक गैरसमज नेहमी दिसतो. डब्ल्यूसीएजीच्या ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत ओढण्याच्या क्रियेसाठी नवा निकष आला. त्यामुळे ‘हे अलीकडचे खूळ आहे’ असे अनेकांना वाटते. तो निकष माउस किंवा बोट वापरणाऱ्यांसाठी आहे: ओढता येत नसेल तर नुसत्या क्लिकने काम व्हावे. कळफलकाचा निकष त्याहून कितीतरी जुना, डिसेंबर २००८ च्या २.० आवृत्तीतला, आणि सर्वांत खालच्या म्हणजे ‘ए’ पातळीवरचा आहे. त्यात सूट आहे ती जिथे हाताच्या हालचालीचा मार्गच महत्त्वाचा आहे तेथे, उदाहरणार्थ मुक्तहस्त चित्र काढताना. शब्द चौकटीत टाकताना कोणत्या वाटेने नेला याला काडीचाही अर्थ नसतो. कुठून उचलला आणि कुठे ठेवला एवढेच मोजले जाते. प्रत्येक चौकटीच्या जागी निवडयादी दिली की प्रश्न तोच राहतो, गुण तेच राहतात आणि बाण-कळांनी उत्तर देता येते.

जाता जाता: काही मंडळी अभ्यासक्रमाच्या सगळ्या प्लेअरला ‘रोल ॲप्लिकेशन’ ही अरियातली (स्क्रीन रीडरला माहिती देण्यासाठी कोडमध्ये लिहायच्या खुणांतली) खूण लावून सुगम्यता, म्हणजे सर्वांना वापरता येण्याची सोय, साधल्याच्या थाटात वावरतात. त्यामुळे स्क्रीन रीडरची वाचनपद्धतच बंद पडते. ‘एच’ दाबून शीर्षकांवर उड्या मारणे, बाणाने ओळ वाचणे सगळे जाते. असे अरिया लावण्यापेक्षा न लावलेले परवडले.

डावा_हात

या चर्चेत दर वेळी ‘दृष्टिहीनांसाठी’ असेच का बोलले जाते, हे मला समजत नाही. मला उत्तम दिसते. माझ्या उजव्या हाताला कंप आहे आणि माउस माझ्या हाती स्थिर राहत नाही, म्हणून मी फक्त कळफलक वापरते. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा त्रास म्हणजे फोकस, म्हणजे कळफलकाने आपण सध्या कोणत्या बटणावर आहोत ती खूण, दिसत नाही. ती निळी चौकट ‘कुरूप दिसते’ म्हणून कोणीतरी एका ओळीत काढून टाकतो आणि मग टॅब दाबत असताना मी पडद्यावर नेमकी कुठे आहे हे मलाच कळत नाही. दुसरा त्रास पॉप-अपचा. तो समोर उघडतो, फोकस मात्र मागच्या पानावरच फिरत राहतो. एस्केप दाबून तो बंदही होत नाही. वेगळ्या मजकूर-फाइलचा मला काय उपयोग? मजकूर मला दिसतोच आहे!

प्रशिक्षण_विभाग

सर्वांच्या अडचणींबद्दल आदर बाळगून लिहितो. आम्ही अभ्यासक्रम मागवणारे आहोत आणि येथे आम्हाला खलनायक ठरवण्याची घाई दिसते. लेबले नसणे, फोकस न दिसणे हे दोष आहेत, ते दुरुस्त व्हावेत. परंतु पुढे कोणी मागेल म्हणून आताच सांगून ठेवतो: निवेदन संपेपर्यंत ‘पुढे’चे बटण बंद ठेवणे हा दोष नाही, ते हेतुपुरस्सर केलेले असते. ते उघडे ठेवले की लोक सगळ्या स्लाइड धडाधड पुढे ढकलतात आणि लेखापरीक्षक विचारतात, इतक्या कमी वेळात हे शिकले कसे?

टॅब_एंटर

कोणी मागायच्या आधीच नकार देऊन ठेवण्याची ही तत्परता आवडली.

ते बंद बटण माझ्या स्क्रीन रीडरला कसे दिसते ते ऐका. पुष्कळदा ते ‘अनुपलब्ध’ असेही सांगत नाही. नुसते ‘पुढे, बटण’ असे म्हणते. मी एंटर दाबतो, काहीच घडत नाही. पुन्हा दाबतो. माझा संगणक अडकला की अभ्यासक्रम, हे मला कळायला मार्ग नसतो, कारण ते बटण राखाडी झाले आहे हे फक्त डोळ्यांना सांगितलेले असते. नंतर निवेदन संपते आणि बटण गुपचूप उघडते. तेही मला कोणी सांगत नाही. मी रोजचे वाचन निवेदकाच्या कितीतरी पट वेगाने ऐकतो, आणि येथे मला त्याच्या संथ आवाजापुढे बसवून ठेवले जाते. यातून माझे कोणते शिक्षण होते?

साधा_शिकाऊ

मला सुगम्यतेतले काही कळत नाही, पण बंद बटणाचा विषय निघालाच आहे तर गप्प बसवत नाही. पडद्यावर चार ओळी असतात आणि निवेदक त्याच चार ओळी शब्दशः, जणू आम्हाला अक्षरओळख नाही अशा थाटात वाचून दाखवतो. आमच्या विभागात सगळे काय करतात? आवाज बंद करतात, खिडकी मागे टाकतात, दुसरे काम करतात आणि अधूनमधून येऊन ‘पुढे’ दाबतात. मी स्वतः अग्निसुरक्षेचे संपूर्ण प्रशिक्षण हिशेबाचे तक्ते भरत असताना ‘घेतले’ आहे आणि माझा वेळ नोंदीत अत्यंत आदर्श दिसतो.

प्रशिक्षण_विभाग

वा, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे! तुमच्यासारख्यांमुळेच ते कुलूप लावावे लागते आणि त्याची शिक्षा बाकीच्यांना भोगावी लागते.

साधा_शिकाऊ

कुलूप होते तेव्हाच मी तक्ते भरले, साहेब. कुलूप नसते तर चार ओळी वाचून तरी पुढे गेलो असतो.

कोडकरी

दोघांचेही चालू द्या, मी फक्त कुलूप आणि वेळ यांच्याविषयी बोलतो. आवाज आपोआप सुरू होऊन तीन सेकंदांपेक्षा अधिक चालत असेल, तर तो थांबवण्याची किंवा त्याचा आवाज संगणकाच्या मुख्य आवाजापासून स्वतंत्रपणे कमी करण्याची सोय हवी; हीसुद्धा ‘ए’ पातळीचीच अट आहे. निवेदन थांबवले की कुलूप कायमचेच लागते, अशी रचना मी प्रत्यक्ष पाहिली आहे: म्हणजे स्क्रीन रीडर ऐकायचा की पुढे जायचे, यांतले एकच निवडा. चाचणीच्या घड्याळाचेही तेच. मुदत संपण्यापूर्वी सूचना द्यावी, निदान वीस सेकंद द्यावेत आणि स्पेसबार दाबण्याइतक्या सोप्या कृतीने मुदत किमान दहा वेळा वाढवता यावी, असा एक मान्य मार्ग आहे. मुदत हाच परीक्षेचा गाभा असेल तर सूट मिळते, पण आचारसंहितेची प्रश्नावली घाईघाईने सोडवणे हा कोणाच्या नोकरीचा गाभा असतो, हे ‘प्रशिक्षण_विभाग’ यांनी सांगावे.

क्ष_किरण

सगळे जण एकाच प्रकारचे प्रशिक्षण गृहीत धरून बोलत आहेत. मी क्ष-किरण प्रतिमांमधील दोष ओळखायला शिकवतो. प्रतिमेतील सावली बघून तिच्यावर खूण करणे हेच कौशल्य आहे. तिच्या अल्ट टेक्स्टमध्ये (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या वर्णनात) ‘डाव्या बाजूला वर बारीक तडा’ असे लिहिले, तर मी उत्तरच सांगून टाकले. येथे कोणता निकष लावायचा?

टॅब_एंटर

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यासाठी वेगळे उत्तर लागते हे मान्य करायला मला जड जाते, तरी करतो. उत्तर फुटणार असेल, तर चित्र कशाचे आहे आणि कशासाठी दिले आहे एवढे वर्णन पुरते, हे डब्ल्यूसीएजीलाही मान्य आहे. तडा शोधण्याच्या परीक्षेला मी बसणार नाही. परंतु ‘डावा_हात’ बसू शकतील, त्यांना सगळे दिसते. खूण बाण-कळांनी सरकवता आली की त्यांचे काम झाले. आणि तुमच्या अभ्यासक्रमातील किरणोत्सर्गापासून संरक्षणाचा धडा मलाही लागू शकतो. एका प्रतिमेचे कारण पुढे करून सबंध अभ्यासक्रमाला सूट मागण्याची पद्धत मी फार पाहिली आहे. तुम्ही तसे केलेले नाही, म्हणून सौम्य शब्दांत लिहितो.

स्लाइडकार

ठीक आहे. न्यायालयाचा निकाल माझ्या विरोधात गेला असे समजतो. चालू असलेल्या कामातला ओढून टाकायचा प्रश्न मी आज निवडयाद्यांत बदलला आणि दुःखाने नमूद करतो की तो मोडला नाही. ‘आयत ४७’ हे शोभेचे होते, ते स्क्रीन रीडरपासून लपवले. बटणांना नावे दिली आणि माझ्या साधनात फोकसचा क्रम लावण्याची सोय आहे, तीही वापरली. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, त्यामुळे तपासायला साधन नव्हते ही सबबही गेली. त्या निळ्या चौकटीसाठी मात्र मला मान्यता देणाऱ्यांशी भांडावे लागेल, आणि बंद बटण माझ्या हातात नाही. ते ‘प्रशिक्षण_विभाग’ यांनी लेखी दिले तरच उघडेन, कारण शेवटी शेरा माझ्या नावावर येतो.

प्रशिक्षण_विभाग

लेखी देण्यापूर्वी मला वरिष्ठांशी बोलावे लागेल. वेळेऐवजी चाचणीचे प्रश्न कठीण करून समज तपासता येईल का, असे मी विचारणार आहे. ‘साधा_शिकाऊ’ यांचे तक्ते हा माझा मुख्य पुरावा असेल, याची त्यांनी नोंद घ्यावी.

टॅब_एंटर

‘स्लाइडकार’, निवडयादीतून उत्तर निवडून ‘तपासा’ दाबल्यावर निकाल कसा कळतो? नुसता हिरवा आणि लाल रंग असेल, तर माझ्यासाठी काहीच झालेले नसते. ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ हा शब्द अरिया-लाइव्हमध्ये (बदल होताच स्क्रीन रीडर आपोआप वाचतो त्या भागात) टाका, किंवा निकाल उघडल्यावर फोकस त्यावर न्या. दोन्ही एकदम केले तर तेच वाक्य दोनदा ऐकावे लागते. प्रकाशित करण्यापूर्वी दुवा पाठवलात, तर मी तपासून देईन.