उत्तर: गाडीवरच्या हॅम रेडिओ अँटेनाच्या चुंबकी बेसवर टू मीटरचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप; १ म्हणजे उत्तम) ३ च्या खाली येत नाही
बेस डिकीच्या कडेला लावलाय तिथेच घोळ आहे. पाव तरंगाच्या दांड्याला (तरंगलांबीच्या पाव लांबीच्या अँटेनाला) खाली सगळीकडे पत्रा लागतो. बेस टपाच्या मध्यावर आणा. काचेचं सनरूफ असेल तर त्याच्या मागच्या पत्र्यावर. १४५ मेगाहर्ट्झला दांडा साधारण ४९ सेंमी. १४४ वर एसडब्ल्यूआर कमी आणि १४६ वर जास्त दिसला तर दांडा लांब आहे, एका वेळी २ मिमीच कापा. सोसायटीच्या तळघरात मोजू नका, छतातल्या सळ्या आकडे बिघडवतात.

आणि पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला तर खूश होऊ नका! कनेक्टरमधून कोॲक्समध्ये (अँटेनाच्या केबलमध्ये) पाणी शिरलेलं असू शकतं. केबलच पॉवर खाते, म्हणून परतीची लहर मीटरपर्यंत पोचत नाही. वरळी-मरीन ड्राइव्हच्या खाऱ्या हवेत सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबर टेप हवीच.