हॉलमार्क असलेल्या दागिन्यातील हिऱ्याची आणि मोत्यांची हमी कोण देते?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार. मुलीच्या लग्नासाठी दागिन्यांची खरेदी सुरू आहे. नांदेडच्या सराफ्यात आम्हाला हिऱ्याची एक अंगठी आणि मोत्यांचा तन्मणी पसंत पडला आहे. दुकानातून मिळालेल्या अंदाजाच्या कागदावर अंगठीपुढे ‘डायमंड रिंग, 18 कॅरेट, हॉलमार्क’ आणि तन्मण्यापुढे ‘बसरा मोती’ एवढेच लिहिले आहे. हिरा खाणीतला की लॅबमधला असे विचारले, तेव्हा ‘हॉलमार्क आहे म्हणजे त्यात सगळे आले’ असे उत्तर मिळाले. हे सराफ सासऱ्यांच्या काळापासून आमच्या घरचे असल्यामुळे फार खोदून विचारले तर त्यांना तो अविश्वास वाटेल, असे यजमानांचे म्हणणे आहे. त्यांच्यासाठी ज्योतिषांनी सांगितलेला सव्वापाच रत्तीचा पुष्कराजही तेथूनच घ्यायचा आहे. पैसे देण्यापूर्वी नेमके काय विचारावे, काय लिहून घ्यावे आणि पुढे काही वेगळे निघाले तर दाद कोठे मागावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खडा आणि कोंदण (छत्रपती संभाजीनगर)

ताई, हॉलमार्क ही केवळ धातूच्या शुद्धतेची खूण आहे. अंगठीच्या आतल्या बाजूला भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, ‘18K750’ असा शुद्धतेचा शिक्का आणि अक्षरे व अंक मिळून झालेला सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक असतो. 1 एप्रिल 2023 पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की शुद्धता, दागिन्याचा प्रकार आणि तपासणी केंद्र यांची माहिती दिसते. ती दुकानातच उभे राहून पाहावी. मात्र त्या अंगठीत बसवलेला खडा हिरा आहे, झिरकॉन आहे की साधी काच आहे, याबद्दल हा शिक्का एक अक्षरही सांगत नाही.

आता हिऱ्याकडे वळू. लॅबमध्ये वाढवलेला हिरा खोटा नसतो. तोही कार्बनच असतो, तितकाच कठीण असतो आणि दुकानातल्या पेनासारख्या यंत्रावर खाणीतल्या हिऱ्याइतकाच ‘पास’ होतो, कारण ते यंत्र फक्त उष्णता किती वेगाने वाहते एवढेच पाहते. मॉयसनाइट म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे सिलिकॉन कार्बाइडदेखील अशा साध्या यंत्राला चकवते. मॉयसनाइट ओळखता येतो, कारण दहापट भिंगातून तिरके पाहिल्यास त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. खाणीतला आणि लॅबमधला हिरा यांतील फरक मात्र भिंगाने कळत नाही, त्यासाठी वर्णपटाची उपकरणे असलेली प्रयोगशाळाच लागते. म्हणून कोणी यंत्र टेकवून दिवा लागलेला दाखवला, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजू नये.

‘सर्टिफिकेट आहे’ हे वाक्यही अर्धवटच आहे, कारण आयजीआयसारख्या प्रयोगशाळा दोन्ही प्रकारच्या हिऱ्यांना अहवाल देतात. अहवालाच्या शीर्षकाची ओळ आधी वाचावी. तेथे ‘लॅबोरेटरी ग्रोन’ असे असेल तर हिरा लॅबमधला आहे. त्यानंतर अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे सर्वांत रुंद कडेवर, लेझरने क्रमांक कोरलेला असेल तर तो भिंगातून वाचून कागदाशी जुळवून घ्यावा, कारण खरा अहवाल आणि दुसराच हिरा अशी जोडीही बाजारात लावली जाते. मधला एक खडा मोठा आणि भोवती बारीक खडे असतील तर त्या बारीक खड्यांबद्दल वेगळे विचारावे. भेसळ सर्वांत जास्त तेथेच खपते, कारण एवढ्याशा खड्यांचा अहवाल कोणी मागत नाही. हिऱ्यांसाठीच्या आयएसओ 18323 या 2015 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नुसते ‘डायमंड’ म्हटले तर त्याचा अर्थ नैसर्गिक हिरा असाच होतो. तरीही आपल्या कागदावरचा तो एक शब्द पुरेसा मानू नये आणि ‘नैसर्गिक’ किंवा ‘लॅब ग्रोन’ यांपैकी एक शब्द त्याच्यापुढे लिहून घ्यावा.

वजनाचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. खड्यांचे कॅरेट हे वजनाचे माप आहे, सोन्याच्या शुद्धतेचे कॅरेट वेगळे. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. एखाद्या हारात 15 कॅरेटचे रंगीत खडे असतील, तर त्यांचे वजन तीन ग्रॅम होते. बिलात एकूण वजनालाच सोन्याचा भाव लावला असेल, तर तीन ग्रॅम दगडासाठी आपण सोन्याचे पैसे मोजतो आणि वर त्यावर घडणावळही देतो. एकूण वजन, निव्वळ सोन्याचे वजन, खड्यांचे कॅरेटमधील वजन आणि प्रत्येकाचा दर बिलात स्वतंत्र दिसलाच पाहिजे.

सराफा गल्ली (नांदेड)

मोत्यांबद्दल थोडे लिहितो. आपल्या भागातील लोक निजामाच्या काळापासून मोत्यांसाठी हैदराबादला जात आले आहेत आणि चारमिनारजवळचा मोती म्हणजे अस्सलच, हा समज घराघरांत पक्का आहे. आज तेथे मिळणारे बहुतांश मोती चीनमधून येणारे, गोड्या पाण्यातील कल्चर, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती असतात. त्यात वाईट काही नाही. तेही शिंपल्यातच तयार होतात. परंतु ‘बसरा’ म्हणजे इराणच्या आखातातील नैसर्गिक मोती. ते आता मुख्यतः जुन्या घरांतील दागिन्यांतूनच बाजारात येतात आणि त्यांचा भाव कल्चर मोत्यांच्या कितीतरी पट असतो. नव्या तन्मण्यात, एकसारख्या गोल दाण्यांचे आणि खिशाला परवडणारे ‘बसरा मोती’ मिळत असतील, तर मी तरी प्रयोगशाळेचा अहवाल पाहिल्याशिवाय ते मान्य करणार नाही.

मोती दातावर घासून पाहण्याची आपल्याकडची पद्धत निरुपयोगी नाही, पण तिची धाव तोकडी आहे. दाताला किंचित खरखर लागली तर मोती काचेचा किंवा प्लास्टिकचा नाही एवढेच कळते. नैसर्गिक आणि कल्चर मोती दोन्ही सारखेच खरखरतात. त्यापेक्षा मोत्याचे भोक भिंगातून पाहावे. नकली मोत्याच्या भोकाच्या काठाशी मुलाम्याचे पापुद्रे उचकटलेले दिसतात आणि आतली काच डोकावते. मणी घालून वाढवलेल्या कल्चर मोत्यात आतला मणी आणि वरचा थर यांच्यामधील बारीक रेघ काही वेळा दिसते. नैसर्गिक की कल्चर याचा निर्णय मात्र क्ष-किरण तपासणीशिवाय होत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कल्चर मोत्याला नुसते ‘मोती’ म्हणून विकणे अनुचित मानले आहे. आपण निदान बिलावर तरी ‘कल्चर’ हा शब्द मागून घ्यावा.

खडा आणि कोंदण (छत्रपती संभाजीनगर)

पुष्कराजाचे राहून गेले होते. रत्तीचे माप सगळीकडे एकच नसते. सोनाराची रत्ती साधारण 121 मिलिग्रॅमची, तर खड्यांच्या बाजारातली सुमारे 180 मिलिग्रॅमची धरतात. त्यामुळे सव्वापाच रत्ती म्हणजे एका हिशेबाने सव्वातीन कॅरेटच्या आसपास आणि दुसऱ्या हिशेबाने पावणेपाच कॅरेटच्या आसपास. दर आणि वजन दोन्ही कॅरेटमध्येच घ्यावे. पुष्कराज म्हणून सिट्रिन किंवा टोपाझ गळ्यात मारला जातो, म्हणून अहवालात ‘नॅचरल येलो सफायर’ असे रत्नाचे नाव आणि त्यावर काय प्रक्रिया झाली आहे, हे दोन्ही असावे. तापवून रंग सुधारणे या व्यवसायात सर्रास चालते आणि ते सांगून विकले तर त्याला हरकत नाही. माणिक घेण्याचा विचार झाला तर जास्त सावध राहावे, कारण भेगांमध्ये शिसेयुक्त काच भरलेली माणके स्वस्तात मिळतात आणि पुढे अंगठी दुरुस्तीसाठी सोनाराच्या फुंकणीखाली गेली की त्यांची दशा होते. जयपूर आणि मुंबई येथे रंगीत रत्ने तपासणाऱ्या चांगल्या प्रयोगशाळा आहेत.

कोर्टाच्या आवारातून (लातूर)

दाद मागण्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 पुरेसा आहे. मालाचे खोटे वर्णन करून विकणे आणि बिल न देणे हे दोन्ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हेही तसेच. त्यामुळे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या भिंतीवरच्या पाटीला पाहून गप्प बसण्याचे कारण नाही.

मालासाठी दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रार आपण राहता त्या जिल्ह्यातच करता येते, म्हणून खरेदी नांदेडला झाली किंवा हैदराबादला झाली, तरी परभणीचा आयोग आपल्याला खुला आहे. मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यावरही मिटते. खडा पाहून दोष कळण्यासारखा नसेल तर आयोग तो प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून शंका आल्यावर खडा दुसऱ्या सोनाराकडून उचकटून घेऊ नये, नाहीतर ‘हा आम्ही दिलेला खडाच नाही’ असा बचाव समोरच्याला आयताच मिळतो.

घरच्या सराफांच्या संकोचाबद्दल माझे मत जरा रोखठोक आहे. कच्च्या कागदावर व्यवहार करून पुढे वाद झाला तर संबंध आणि पैसा दोन्ही जातात. ‘आयकराच्या कामासाठी सविस्तर पक्के बिल लागेल’ असे म्हटले की कोणालाही वाईट वाटत नाही.

पूर्णाकाठ (परभणी)

सर्वांचे आभार. काल यजमानांनीच विषय काढला. सराफांनी कोणतीही नाराजी न दाखवता नव्या कागदावर हिऱ्यापुढे ‘लॅब ग्रोन’ आणि तन्मण्यापुढे ‘कल्चर मोती, गोड्या पाण्यातील’ असे लिहून दिले आणि दोन्हींची किंमतही बरीच खाली आणली. पुष्कराज अहवाल आल्यावरच घ्यायचे ठरले आहे. आता एकच शंका आहे. ही अंगठी पुढे कधी मोडावी लागली तर हिऱ्याचे किती येतील?

खडा आणि कोंदण (छत्रपती संभाजीनगर)

निव्वळ सोन्याच्या वजनाचे त्या दिवसाच्या भावाने येतील. लॅबमधल्या हिऱ्यांचे भाव गेल्या काही वर्षांत सतत घसरत आले आहेत आणि बरेच दुकानदार ते परत घेतच नाहीत. म्हणून अंगठी आवडली असेल तर घालण्यासाठी अवश्य घ्यावी, पण हिऱ्यापोटी दिलेली रक्कम परत येणार नाही असे धरूनच किंमत ठरवावी. सराफ ‘बदलून देऊ’ म्हणत असतील तर किती टक्के कपात होईल आणि रोख मिळेल की फक्त दुसरा दागिना, हे बिलाच्या मागे त्यांच्या सही-शिक्क्यासह लिहून घ्यावे.