१७७३चा शनिवारवाडा, मेलेला कारकून आणि नाटकशाळा: कादंबरीतलं रहस्य कशावर उभं करावं?

फडावरचा_टाक:
नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या पार्श्वभूमीवर कादंबरी लिहायला घेतली आहे. मुख्य दोन पात्रं काल्पनिक: हुजूर फडावरचा, म्हणजे पेशव्यांच्या दफ्तरातला, बावीस वर्षांचा ब्राह्मण कारकून आणि वाड्यात गाणारी एक नाटकशाळा, म्हणजे पदरी ठेवलेली कलावंतीण. खुनाच्या गोंधळात कारकून मारला जातो, पण प्रेत सापडत नाही. तो गारद्यांना, म्हणजे खून करणाऱ्या भाडोत्री शिपायांना, फितूर होऊन पळाला अशी बोलवा उठते. पुढे त्याचं भूत तिला दिसू लागतं. मरण्याआधी त्यानं एक फिरवलेला, म्हणजे मजकुरात फेरफार केलेला, कागद पाहिलेला असतो.

तीन ठिकाणी अडलंय. हे भूत कुठल्या प्रकारचं? कागद फिरवलाय हे तिला कसं कळावं? आणि शेवटी दोघांची ताटातूट कशामुळे व्हावी? ‘गुन्हेगार सापडला आणि भूत नाहीसं झालं’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. प्रेत विहिरीत टाकलंय असं तूर्त धरलं आहे.

शके_१६९५:
आधी तारीख पक्की करा, बाकीचं तिच्यावर लटकतं. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, शके १६९५ विजयनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवशी, म्हणजे वाड्यातला गणपती अजून बसलेला आहे. खून भरदुपारी झाला, अंधारात नाही. बहुतेक कथाकार मशाली पेटवून इथेच फसतात. तुमच्या कारकुनाला मारणाऱ्याला लख्ख उजेडात सगळं दिसत होतं. मग कुणी पाहिलं नाही हे लेखकाला पटवून द्यावं लागेल. त्या रात्री चंद्र सूर्यास्ताच्या आधीच उगवलेला असतो आणि पहाटेपर्यंत आभाळात राहतो, पण पावसाळी ढग धरा. आतल्या उजेडाला समया, बाहेर दिवट्या आणि हिलाल. दिवा पेटवायला चकमक आणि गार.

आता काय येऊ द्यायचं नाही ते. हजारी कारंजं सवाई माधवरावांसाठी झालं, तेव्हा ते नको. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. घाशीराम कोतवाल १७७७पासून. लकडी पूल चालेल, तो १७६१चा. इंग्रज पात्र हवं असेल तर मुंबईकरांचा वकील मॉस्टिन तेव्हा पुण्यात होता. वाड्याचं आजचं उघडं जोतं बघून दालनांची वर्णनं लिहू नका. लाकडी इमारत १८२८च्या आगीत गेली.

पिंपळपार:
भुताच्या प्रकाराबद्दल. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेला तर मुंजा, आणि तो पिंपळावर. तुमचा कारकून बावीस वर्षांचा, सोडमुंज झालेला, म्हणून मुंजा नाही. इच्छा अडकून मेलेला ब्राह्मण म्हणजे समंध. तो जागा धरून बसतो, गावभर हिंडत नाही. त्याच्या हद्दीबाहेर नायिका गेली की ती एकटी. हा नियम सुरुवातीच्या प्रकरणांतच घाला, रहस्याला त्यातून आपोआप ताण येतो: पुरावा हद्दीबाहेर आहे आणि वाट दाखवणारा आत. मेलेल्या गारद्याचं भूत आणायचं असेल तर लोक त्याला खवीस म्हणतील, समंध नाही.

आणि विहीर काढून टाका. पाण्यात गेला की लोक त्याला गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, समजतील, सगळं गणित बदलेल. शिवाय पिण्याच्या विहिरीतलं प्रेत दोन-तीन दिवसांत फुगून वर येतं, भाद्रपदात पाणीही वर असतं. लपवायला बळद घ्या. जाड भिंतीत धान्य साठवायची पोकळी असते ती. वरून धान्य ओतलं की काही दिवस कुणी हात घालत नाही. दमट हवेत वास लवकर सुटेल, म्हणून भरपूर चुना घालावा लागेल. त्या दिवसांत वाड्याचं काम काढलेलं नसताना कुणीतरी चुना मागवतो, ही नोंद कोठीच्या हिशेबात सापडू द्या. पेशवाईत हिशेब बारकाईनं ठेवत, म्हणून हा दुवा खरा वाटेल.

बोरूची_जीभ:
कागदाचा भाग तुमच्या कथेचा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘धरावे’चं ‘मारावे’ केलं ही आनंदीबाईंवरची कथा सगळ्यांना पाठ आहे. ती दंतकथा म्हणूनच वापरा. तुमच्या कागदात फेरफार वेगळा असू द्या, नाहीतर दुसऱ्या पानावरच वाचक उत्तर सांगेल. माझ्या मते अक्षर नको, तारीख फिरवा.

मोडी पत्रात सन बहुधा अरबी शब्दांत लिहीत. त्या वर्षी ‘अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे चार, सत्तर, शंभर, हजार: ११७४. हा सुहूर सन मृगाला बदलतो. पुढे महिन्याच्या चंद्राची तारीख ‘छ’ घालून, महिना मुसलमानी. खुनानंतर लिहिलेला कागद आधीचा आहे असं दाखवणाऱ्यानं ‘छ’ बदलला, पण मजकुरात कुठेतरी तिथीचा उल्लेख तसाच राहिला, तर दोन्ही जुळत नाहीत.

लिहिणाऱ्याचा हात, म्हणजे अक्षराची ढब, कशी ओळखायची? मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो, मग अक्षरं तिला लटकवत जातो. शब्दांत जागा सोडत नाही, हात उचलत नाही. नंतर घुसडलेलं अक्षर दाटीत बसतं, तिथे बोरूचा उतार वेगळा पडतो. शाई काजळ आणि डिंकाची, ती कागदात फारशी मुरत नाही, वरच बसते. म्हणून ओल्या फडक्यानं पुसता येते, पण घोटलेल्या कागदाची चकाकी तिथे जाते. दिव्यासमोर तिरपा धरला की ती जागा मंद दिसते. खाली मोर्तब आणि लेखनसीमेचा, म्हणजे मजकूर इथे संपला असं दाखवणारा, शिक्का असेल तर शेवटी काही वाढवता येत नाही, फेरफार मधेच होणार.

आता प्रेम इथे आणा. कारकुनानं तिला मोडी शिकवलेली असेल तर तिला त्याचाच हात ठाऊक आहे: रेघ कुठे जाड होते, टाक कुठे टेकतो. फडावरच्या जाणत्यालाही जे दिसणार नाही ते तिला दिसतं. भुताला कागद उचलता येऊ नये, नाहीतर तिला कामच उरत नाही.

फडावरचा_टाक:
विहीर काढली, तारीख फिरवतो. शेवट अजून अडलाय. पितृपक्ष लगेच दोन-तीन दिवसांत लागतो. शस्त्रानं मेलेल्यांचं श्राद्ध वद्य चतुर्दशीला असतं, तिथे निरोप ठेवू का?

दशाहाचा_घाट:
त्या वर्षी नको. मृत्यूच्या पहिल्या वर्षात त्या माणसाचा महालय, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, करत नाहीत, जाणता वाचक तिथेच थांबेल. त्याहून बळकट गोष्ट तुमच्या कथेत आधीच आहे: प्रेत नाही. घरचे त्याला पळालेला समजतात, म्हणून त्याचं कुठलंच कार्य झालेलं नाही. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. मृत्यू सिद्ध झाला, पण प्रेत हाती लागलं नाही, तर पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. त्याला ३६० देठ लागतात, त्यातले ४० डोक्याला.

म्हणजे बळदातलं प्रेत मिळूच देऊ नका, वेळेआधी तिथून हलवलेलं असू दे. आत फक्त चुना आणि त्याचं कलमदान. मृत्यू सिद्ध करायला नायिकेची साक्ष लागते. रामशास्त्र्यांची चौकशी चालू आहेच, तिथे ती कागद ठेवते. शास्त्रीबोवांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणं सोडलं, त्यामुळे साक्ष त्याआधी उरकायला हवी.

साक्ष दिली की तो निर्दोष ठरतो, पुतळा जळतो आणि तो तिला कायमचा जातो. गप्प राहिली तर तो फितूर ठरतो, पण रोज रात्री भेटतो. हा पेच तिला अर्ध्यातच कळू द्या, पुढची प्रत्येक शोधाशोध मग जड जाईल.

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नाही. भाऊ घर सांभाळीन म्हणतो, देणं फेडीन म्हणतो, तरी नाही. घाटावर नाटकशाळेला जवळ येऊ देणार नाहीत, तिला लांब पायऱ्यांवर उभी करा. कुठलं वचन राहिलंय ते तिला एकटीला ठाऊक आहे, आणि ते पोचवायला तिला भावाशी चारचौघांत बोलावं लागेल.