मराठवाड्यातील लहान सेवाभावी संस्थांनी स्वतःचा सभासद-संघ काढावा काय?

मूळ मांडणी : कार्यवाह, ग्रामीण संस्था, परभणी जिल्हा

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत पाणलोट, आरोग्य, ऊसतोड मजुरांची मुले, एकल महिला, वसतिगृहे अशा कामांत वर्षानुवर्षे टिकून असलेल्या लहान संस्थांनी स्वतःच्या वर्गणीवर चालणारा एक संघ उभा करावा, असा माझा प्रस्ताव आहे. आपल्याकडे उद्योजकांची चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अ‍ॅग्रिकल्चर आहे, लघुउद्योजकांची ‘मसिआ’ आहे, साहित्यिकांनी तर निजामाच्या राजवटीतच, १९४३ साली, मराठवाडा साहित्य परिषद काढली. वकील, डॉक्टर आणि औषधविक्रेते यांचे संघ तालुक्या-तालुक्याला आहेत. दुसऱ्यांना संघटित व्हा म्हणून सांगत गावोगाव फिरणाऱ्या संस्था मात्र स्वतः एकेकट्याच आहेत. दिल्लीत ‘वाणी’ ही स्वयंसेवी संस्थांची राष्ट्रीय संघटना १९८८ पासून काम करते आणि ते काम मोलाचे आहे. परंतु परभणीच्या धर्मादाय कार्यालयात अडकलेली फाइल दिल्लीहून हलत नाही.

ही अडचण कशी असते ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या शेजारच्या तालुक्यातील एका संस्थेचे कोषाध्यक्ष वारले. विश्वस्तांमध्ये बदल झाला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला गेला नाही, कारण कार्यालय सांभाळणारा एकमेव माणूस बालवाड्याही सांभाळत होता. पुढे निवडणूक झाली, नवे मंडळ आले, त्याचाही अर्ज राहिला. आज त्या संस्थेच्या परिशिष्ट एकच्या (धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीच्या) उताऱ्यावर दिवंगत कोषाध्यक्षांचेच नाव आहे, बँक नव्या सह्या स्वीकारत नाही, आणि अद्ययावत उतारा नाही म्हणून एका कंपनीने तिचा प्रस्ताव न वाचताच परत केला. बालवाड्या उत्तम चालल्या आहेत. संस्था मात्र कागदावर जवळजवळ मृत आहे.

म्हणून संघाने तीन कामे करावीत असे मला वाटते : सामाईक लेखापाल आणि विधी सल्लागार ठेवणे, संस्थांच्या वतीने धर्मादाय आयुक्तालय व जिल्हाधिकारी कार्यालयाशी बोलणे, आणि कंपन्यांशी अटींबाबत एकत्रित वाटाघाट करणे. वार्षिक उत्पन्न १० लाखांपर्यंत असलेल्या संस्थेने वर्षाला १,००० रुपये द्यावेत, मोठ्या संस्थांनी उत्पन्नाच्या प्रमाणात अधिक द्यावेत, मत मात्र प्रत्येकी एकच असावे. मते कळवावीत, विरोधी मते तर अवश्य कळवावीत.

उत्तर १ : निवृत्त संचालक, बीड जिल्हा

आपला हेतू स्वच्छ आहे याबद्दल शंका नाही, तरीही माझा या प्रस्तावाला विरोध आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यात देशभरातून संस्था आल्या, समन्वयाची गरज निर्माण झाली आणि मंच स्थापन झाले. मी स्वतः त्यांतील एकाच्या बैठकांना बसलो आहे. पैसा होता तोवर बैठका वेळेवर होत, चहा-जेवण होई, अहवाल छापले जात. प्रकल्प संपला त्या वर्षी सर्वसाधारण सभेची गणपूर्ती झाली नाही, आणि पुढे ती कधीच झाली नाही. सभासद संस्थांनी स्वतःच्या खिशातून वर्गणी भरून संघ चालवल्याचे मी या भागात पाहिलेले नाही.

दुसरे असे की, या भागात जी कामे नावारूपाला आली ती संघांमुळे आलेली नाहीत. अंबाजोगाईला १९८२ साली द्वारकादास लोहियांनी ‘मानवलोक’ सुरू केली तेव्हा तिच्यामागे कोणतेही फेडरेशन नव्हते. जालना जिल्ह्यात कडवंचीचा पाणलोट विजयअण्णा बोराडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला तो शिवारात पाय रोवून, आणि त्या गावात द्राक्षबागा आल्या त्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत केलेल्या कामामुळे. काम खणखणीत असेल तर मदत शोधत येते, हा माझा अनुभव आहे.

तिसरी भीती अधिक गंभीर आहे. संघ स्थापन झाला की त्याला कार्यालय लागते, कार्यालयाला पगार लागतात, पगारासाठी प्रकल्प लागतो, आणि मग संघ आपल्याच सभासदांच्या विरोधात त्याच निधीसाठी अर्ज करू लागतो. त्यातच आपल्याकडे कोणत्याही संघाला मानद अध्यक्ष म्हणून एखादा पुढारी चिकटल्याखेरीज राहत नाही. परदेशी निधी संघामार्फत आणून लहान संस्थांना वाटता येईल अशी आशा कोणाला असेल, तर २०२० च्या दुरुस्तीने विदेशी अंशदान कायद्यात असे पुढे वाटप करण्यावर संपूर्ण बंदी आली आहे, हेही ध्यानात घ्यावे.

उत्तर २ : लेखापाल, लातूर (अनेक संस्थांचे हिशेब पाहतो)

संचालक साहेबांच्या अनुभवाचा मान राखून सांगतो की त्यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे वेगळ्या काळातील आहेत. त्या वेळी धर्मादाय नोंदणी, वार्षिक लेखापरीक्षण आणि आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) प्रमाणपत्रे एकदा मिळाली की संस्थेचे दप्तर बरेचसे मार्गी लागे. २०२१ पासून जुनी प्रमाणपत्रे नव्याने घ्यावी लागली आणि त्यांना ५ वर्षांची मुदत आली. लहान संस्थांना १२एसाठी १० वर्षांची मुदत मिळण्याची सवलत २०२५ च्या वित्त कायद्याने दिली, हा दिलासा अलीकडचा. देणगीदारांचे विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरावयाचे, ते चुकले तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क. सीएसआरसाठी (कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी) वेगळी नोंदणी, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावर वेगळी. वर्षाला ६ लाखांत काम करणारी संस्था आणि ६ कोटींत काम करणारी संस्था यांच्यावर यांतला बराचसा बोजा सारखाच पडतो, फरक एवढाच की दुसरीकडे त्यासाठी स्वतंत्र माणूस असतो. काम खणखणीत असूनही केवळ मुदत हुकल्यामुळे ८०जी गमावलेल्या संस्था माझ्या टेबलावर येतात.

म्हणून सामाईक लेखासेवेच्या कल्पनेला माझा पाठिंबा आहे. परंतु प्रस्तावकर्त्यांनी संघाची घडण कायद्याच्या अंगाने तपासलेली दिसत नाही. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवली की ती विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंदवावी लागते, म्हणजे ज्या बदल अर्जांतून सुटका हवी तेच अर्ज संघालाही लागू होतील. त्याऐवजी कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढता येते. तिचे अनुपालन महाग असते, पण धर्मादाय कार्यालयाची वाट पाहावी लागत नाही.

शुल्काचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. सभासदांना सेवा देऊन संघ शुल्क घेऊ लागला आणि त्याचा उद्देश ‘सामान्य लोकोपयोगी’ या वर्गात मोडला, तर व्यवसायसदृश कामातून होणारी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये, नाहीतर त्या वर्षाची आयकर सवलत जाते. जीएसटीतही ‘आपल्याच सभासदांकडून घेतलेली वर्गणी’ हा बचाव २०२१ च्या दुरुस्तीने काढून घेतला आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर नोंदणी लागत नाही, हा एक आधार. मोठ्या संस्थांनी देणगीच्या रूपाने संघाला पैसे द्यावेत म्हटले, तर एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीची ८५ टक्के रक्कमच खर्च म्हणून धरली जाते, असा नियम २०२३ पासून आहे. सारांश, संघ लहान ठेवा, आणि शुल्क-देणगी यांचे प्रमाण पहिल्या दिवसापासून कागदावर आखून घ्या.

उत्तर ३ : एका कारखान्यातील सीएसआर विभागातून, वाळूज

मी देणाऱ्यांच्या बाजूला बसतो, त्यामुळे इकडची बाजू सांगतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्यांना सीएसआर लागू होते त्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, आणि वर्ष संपत आले की आमच्यापुढे वेळेचा प्रश्न असतो. त्या घाईत ओळखीच्या मोठ्या संस्थेला एकरकमी काम देणे सोपे जाते. कंपनीने स्वतः काढलेली नसेल अशा संस्थेला तीन वर्षांचा कामाचा पूर्वानुभव लागतो. गंगापूर-वैजापुरातल्या लहान संस्थांकडे तो असतो, पण तो दाखवणारे कागद एका जागी नसतात. संघाने सभासदांची कागदपत्रे तपासून अद्ययावत ठेवली, तर आमचा वेळ नक्की वाचेल. मात्र संघाचे प्रशस्तिपत्र आम्ही हमी म्हणून स्वीकारू, असे कोणी समजू नये. उद्या गैरव्यवहार झाला तर उत्तर आम्हालाच द्यावे लागते.

एका गोष्टीत मात्र संघाचा लगेच उपयोग होईल. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची जी मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या व्यवस्थापन खर्चावर नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात स्पष्ट केलेले आहे. तरीही अनेक कंपन्या तीच मर्यादा संस्थांवर लादतात, संस्थाही मुकाट्याने मान्य करतात आणि मग लेखापालाचा पगार पर्यवेक्षकाच्या नावावर दाखवतात. एकट्या संस्थेने हा खुलासा पुढे केला तर ती ‘अवघड’ ठरते. चाळीस संस्थांच्या सहीने तेच पत्र आले तर आमच्या कायदा विभागाला त्याचे उत्तर द्यावे लागेल.

उत्तर ४ : समन्वयक, महिला संस्था, धाराशिव

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परांडा तालुक्यात सीनाकाठच्या गावांत आम्ही किराणा वाटत होतो. रस्त्यालगतच्या एका गावात तीन संस्थांचे संच पोहोचले होते आणि आतल्या वस्तीवर तोवर एकही गाडी गेलेली नव्हती. हे आमच्या लक्षात आले ते व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटावर, आणि दुसऱ्या दिवसापासून याद्या वाटून घेतल्या गेल्या. त्यासाठी नोंदणीकृत संघ लागला नाही. तेव्हा ‘समन्वय’ हे कारण संघासाठी पुढे करू नये. आपत्तीत माणसे आपोआप जोडली जातात, आणि लेखापाल भाऊंनी सांगितलेली कंटाळवाणी, बारमाही कामे मात्र तशी होत नाहीत.

माझा आक्षेप दुसराच आहे. हा संघ कोणाचा असेल? मूळ प्रस्तावात विश्वस्त आहेत, बँक आहे, कंपनी आहे, आणि कार्यकर्ती कुठेच नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला उपदान (ग्रॅच्युइटी) लागू होते, वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. आपल्यापैकी किती संस्था हजेरीपटावर नऊच नावे ठेवतात आणि बाकीच्यांना ‘मानधनी स्वयंसेवक’ म्हणतात, हे येथे सर्वांना माहीत आहे. देणगीदार त्यासाठी तरतूद करत नाही ही सबब खरी आहे, पण तरतूद मागण्याचे धाडस संस्थाचालकांनी कधी केले? कंपन्यांशी वाटाघाट करणारा संघ आपल्याच सभासदांना हा प्रश्न विचारणार नसेल, तर तो संस्थाचालकांचा संघ होईल आणि त्यात आमच्यासारख्यांना रस नाही.

प्रत्युत्तर : कार्यवाह, परभणी

सर्वांची उत्तरे वाचून प्रस्ताव आटोपशीर करतो. आठ जिल्ह्यांऐवजी परभणी आणि हिंगोली या दोनच जिल्ह्यांत आरंभ करावा. संघाच्या घटनेत असे कलम असावे की, जे काम कोणतीही सभासद संस्था करू शकते त्यासाठी संघ स्वतः निधी मागणार नाही आणि अंमलबजावणीचा एकही प्रकल्प घेणार नाही. पदाधिकाऱ्यांना सलग दोनच कार्यकाळ, आणि निवडणूक लढवलेल्या किंवा राजकीय पक्षात पद असलेल्या व्यक्तीस मानदसुद्धा पद नाही. पहिल्या वर्षी एक अर्धवेळ लेखापाल, एक वकील, आणि ५ टक्क्यांच्या अटीबाबतचे ते पत्र, एवढेच काम.

संचालक सरांना एकच विचारतो : किल्लारीनंतरचे मंच पैसा संपल्यावर बंद पडले हे खरे, पण त्यांच्याकडे वर्गणी मागितली गेली होती का? पैसा वरून आला होता म्हणून मंच वरून आला होता. खालून पैसा गोळा करून पाहिल्याखेरीज तो प्रयोग फसला असे म्हणता येत नाही.

उत्तर ५ : निवृत्त संचालक, बीड जिल्हा

वर्गणी मागितली गेली नव्हती, हे मान्य. प्रकल्प न घेण्याचे कलम घटनेत आले तर माझा निम्मा विरोध मावळतो. उरलेला निम्मा कायम आहे, कारण १,००० रुपये वर्गणीने पन्नास संस्थांचे ५०,००० जमतील आणि त्यात अर्धवेळ लेखापाल वर्षभर ठेवता येणार नाही. म्हणजे भार दोन-तीन मोठ्या संस्थांवर येणार, आणि मत एकच असले तरी खर्च उचलणाऱ्याचा शब्द सभेत जड होतो. यावर उपाय म्हणून कोणत्याही एका संस्थेचा वाटा एकूण वर्गणीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा अशी मर्यादा घाला. त्यामुळे संघाची वाढ मंदावेल, पण ते मला चालेल.

उत्तर ६ : समन्वयक, महिला संस्था, धाराशिव

कार्यवाह सरांनी राजकीय पदांपासून कार्यकाळापर्यंत सर्व बाबींवर कलमे सुचवली, पण उपदान आणि भविष्यनिर्वाह निधीच्या प्रश्नाला स्पर्श केलेला नाही. सभासद होताना प्रत्येक संस्थेने आपला हजेरीपट आणि मानधनाचा तक्ता संघाकडे द्यावा, कायदा लागू असूनही नोंदणी नसेल तर दोन वर्षांच्या आत ती करावी, आणि कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा पगारी कार्यकर्त्यांच्या असाव्यात, असे लेखी आले तर आमची संस्था धाराशिवहूनही सभासद होईल. तसे नसेल तर आमच्या मंडळापुढे मी हा विषय ठेवणार नाही.