मदत हवी आहे: ब्लॅडरच्या ऑपरेशननंतर नळी सारखी चोकअप होतेय

वैतागलेला_बाबा: मुलाचं ऑगमेंटेशन (आतड्याचा तुकडा, म्हणजे पॅच, लावून लघवीची पिशवी मोठी करणं) होऊन अडीच महिने झाले. पिशवी मोठी केली तरी मुलगा स्वतःहून शू करत नाहीये, दर वेळी नळीच. आणि आता नळीत शेंबडासारखे पांढरे लोळे अडकतात, काल रात्री दोन नळ्या बदलल्या तेव्हा कुठे लघवी उतरली. पू आहे का हा? अपॉइंटमेंट परवाची आहे, तोवर काय करू, पटकन सांगा.

रेवा७: अहो वय किती, मूळ आजार काय, ताप आहे का, पॅच कशाचा लावलाय? काहीच लिहिलं नाहीत.

वैतागलेला_बाबा: वय ७. स्पायना बिफिडा, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट जुळलेला नाही. पॅच लहान आतड्याचा. ताप नाही. पिशवीतलं प्रेशर ४० च्या वर जायचं, लघवी उलटी किडनीकडे चढायला लागली म्हणून केलं.

आगाऊ_पोपट: आधी बोटॉक्स (पिशवी सैल करायचं इंजेक्शन) का नाही केलं? आमच्या मुलीचं त्यावरच भागलं.

रेवा७: पोपटराव, ऑपरेशन झालंय त्यांचं. बाबा, ताप नाही म्हणजे बहुतेक पू नाही, म्युकस, आतड्यातून सुटणारा चिकट स्राव. आतडं कुठेही शिवा, ते म्युकस सोडणारच. सलाईनने धुता का?

वैतागलेला_बाबा: दोन-तीन दिवसांनी. आत सोडतो, आपोआप बाहेर येतं.

रेवा७: तिथेच घोळ आहे. आम्हाला रोज सांगितलंय, आणि सिरिंजने हलकेच मागे ओढून, स्वच्छ येईपर्यंत. किती मिली ते आजच फोन करून विचारा. साचलं की खडे होतात, आमच्याकडे झालेत. आणि शूचं म्हणाल तर पॅच साठवतो, पिळत नाही. नळी कायमचीच धरून चाला.

शांत_नदी: माझा पुतण्या ९ वर्षांपर्यंत गादी ओली करायचा. संध्याकाळनंतर पाणी बंद केलं, महिन्यात थांबलं.

रेवा७: ताई तो विषय वेगळा!! इथे पाणी तोडलं तर म्युकस अजून घट्ट होईल.

आगाऊ_पोपट: नळी लॅटेक्सची (रबराची) नाही ना? स्पायना बिफिडाच्या मुलांना ॲलर्जी फार. आमच्याकडे वाढदिवसाला फुगे बंद.

रेवा७: हे मात्र बरोबर बोललात. आणि बाबा, पोट फुगलं, उलट्या, ताप, किंवा नळी घालूनही लघवी येईना, तर परवाची वाट बघू नका. पॅच फाटू शकतो आणि या मुलांना दुखणं नीट कळत नाही. इमर्जन्सीत पहिलं वाक्य "ऑगमेंटेशन झालंय" हेच.

वैतागलेला_बाबा: नर्सने मिली सांगितले, धुतलं. तिसऱ्या सिरिंजला बोटभर लांब दोरी निघाली, मग पाणी स्वच्छ. पोरगं म्हणतं परत काढून दाखवा. रक्तातलं व्हिटॅमिन बी-१२ पण तपासायचं असतं म्हणे, ते कधीपासून?