डेलियाचा दुसरा बहर

डेलियाचा पहिला बहर जोरात आला आणि नंतर फुलं न येता झाड नुसतंच पानांनी भरलं, असं का झालं, असा प्रश्न एकांनी विचारलाय. दोन शक्यता वाटतात. एक, नत्र (पानं वाढवणारं नायट्रोजन) जास्त झालं असेल. कळ्या धरायला लागल्या की शेणखताचा आणि युरियाचा हात आखडता घ्या, पालाश (पोटॅश) असलेलं खत द्या.

दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते: सुकलेली फुलं झाडावरच राहिली असतील. एकदा बी धरलं की झाड नव्या कळ्यांकडे पाठ फिरवतं. फुलं खुडताना मात्र नीट बघा, कारण पाकळ्या गळालेलं फूल आणि न उमललेली कळी लांबून अगदी सारखीच दिसतात. कळी गोल, घट्ट, बटणासारखी असते. सुकलेलं फूल टोकदार, शंकूसारखं होतं आणि दाबलं तर मऊ, ओलसर लागतं. मी सुरुवातीला कितीतरी चांगल्या कळ्याच कापून टाकल्या होत्या, अजून हळहळ वाटते.

आणि नुसतं डोकं तोडू नका हो! देठ खाली पानांच्या जोडीपर्यंत कापा. तिथल्या बेचक्यातूनच नवे फुटवे येतात आणि पुढची फुलं लांब, सरळ देठावर मिळतात. फुलदाणीसाठी फुलं काढत राहिलात तरी हेच काम होतं.

पुढच्या वेळी रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. पहिलं फूल थोडं उशिरा येईल, पण फांद्या वाढतील.