मदत हवी आहे: 'फोटॉन टॉर्पेडो'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतल्या मुलांना शनिवारी 'स्टार ट्रेक' या अवकाशातल्या टीव्ही मालिकेतल्या शस्त्रांबद्दल पंधरा मिनिटं मराठीत सांगायचंय. विषय आवडता, पण शब्दांवर गाडी अडलीय.

टॉर्पेडोला आपल्याकडे 'पाणतीर' हा झकास शब्द आहे. पण अवकाशात पाणी कुठून आणू? शिवाय आत प्रतिद्रव्य (अँटीमॅटर)! एक किलो प्रतिद्रव्य एक किलो द्रव्याला भेटलं की साधारण ४३ मेगाटन टीएनटीइतकी ऊर्जा निघते. 'प्रकाशतीर' चालेल का? की फारच पौराणिक वाटतं?

फेझर या किरणांच्या शस्त्राला 'फेझर'च ठेवतोय. पहिल्या पायलट (चाचणी) भागात त्याच्या जागी लेझर पिस्तुलं होती, हे सांगणारच आहे. पण त्याच्या 'स्टन' (नुसतं बेशुद्ध करणाऱ्या) सेटिंगला काय म्हणू? 'मूर्च्छा' म्हटलं की मला रामायणातला लक्ष्मणच दिसतो.

आणि खरी अडचण पुढेच. १९८७च्या मालिकेतल्या एंटरप्राइज यानाच्या बशीसारख्या भागावर फेझरची लांब पट्टी आहे. दोन्ही टोकांकडून उजेड धावत येतो, एका जागी भेटतो आणि तिथून झोत सुटतो. भाची विचारते, "मामा, निर्वातात झोत बाजूने दिसेलच कसा?" बरोबर आहे तिचं, विखुरायला धूळ नाही, हवा नाही. यावर 'टीव्हीवर दिसायला हवा म्हणून' यापेक्षा बरं उत्तर कुणाकडे आहे का?

शुक्रवार रात्रीपर्यंत सुचवा. यानाच्या 'ढालीं'चं (शील्ड्सचं) मी बघतो.